विश्रांती घ्यावी, पण कुठे?

सरकारी रुग्णालयातून सुट्टी देताना डिस्चार्ज कार्डावर काही सूचना ठरलेल्या असतात. पाय उंच ठेवून विश्रांती घ्यावी, एक दिवसाआड ड्रेसिंग करावे, जखम ओली होऊ देऊ नये, इन्सुलिन थंड जागी ठेवावे. यातली एकही गोष्ट घराशिवाय पाळता येत नाही. फ्रिज नसलेल्या रुग्णाला इन्सुलिन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतात. युक्ती चांगली आहे, पण मडके ठेवायलाही एक कोपरा लागतो. ज्याच्या पत्त्याच्या रकान्यात रेल्वे स्टेशनचे किंवा देवळाचे नाव लिहावे लागते, तो मधुमेही त्याच पायाची जखम घेऊन परत येतो, तेव्हा बोट वाचवण्याची वेळ बहुधा टळलेली असते.

क्षयरोगाचे तसेच. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे, औषधे मोफत. पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. मात्र ती बँक खात्यात जमा होते, आणि रोज जागा बदलणाऱ्याकडे खाते नसते, आधार कार्ड चोरीला गेलेले असते, कधी गोळ्यांची पिशवीसुद्धा. अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय उभा राहतो आणि तो फक्त बेघरांना होत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७२ हजार ८८९ बेघर मोजले गेले. त्यातले ८ लाख ३४ हजारांहून अधिक ग्रामीण भागातले होते, म्हणजे जवळजवळ निम्मे. शासकीय निवाऱ्याची योजना मात्र नावापासूनच शहरी आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला आणि २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारे सुरू झाले. निकष असा होता: एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, चोवीस तास उघडे दार. चालवण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थेने एखाद्या संस्थेला द्यायचे.

हा निकष शिरूर-दौंडच्या पट्ट्यात आणून पाहावा. २०११च्या मोजणीत शिरूर सुमारे ३७ हजारांचे, दौंड सुमारे ४९ हजारांचे. दोन्ही मिळूनही लाख भरत नाहीत. पण बेघर माणूस शहराची लोकसंख्या पाहून येत नाही. तो जिथे गाडी थांबते, जिथे काम मिळते तिथे येतो. दौंड मोठे जंक्शन आहे, रांजणगावला औद्योगिक वसाहत आहे, आसपास उसाचे मळे आहेत. शिरूर तालुक्यातले निमोणे तर ग्रामपंचायतीचे गाव. तिथे रस्त्याकडेला कोणी आजारी सापडला, तर शहरी निवाऱ्याची योजना त्याची नाही आणि घरकुलाची यादीही त्याची नाही. घरकुलाला यादीत नाव लागते, जागा लागते, कागद लागतात. एकट्या, आजारी, भरकटलेल्या माणसाकडे यातले काहीच नसते.

ऊसतोड मजुराचे कोडे आणखी वेगळे. त्याच्या गावी घर असते, म्हणून कोणत्याच यादीत तो बेघर नाही. पण हंगामाचे पाच-सहा महिने त्याचे बिऱ्हाड पाचटाच्या कोपीत असते. कोयत्याने पाय कापला, बाळंतपण झाले, न्यूमोनिया झाला, तर सुट्टी मिळाल्यावर जायचे ते त्या कोपीतच. टाक्यांवर पाचटाची धूळ बसते आणि आठ दिवसांत जखम पिकते.

मोठ्या शहरांत निवारे आहेत, तरी आजारी माणसाचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. कारण संस्थेशी होणाऱ्या करारात आहे. ५० जणांचा निवारा चालवायला योजनेत वर्षाला ६ लाख रुपये धरले होते, तेही पहिली पाच वर्षे. हिशेब केला तर माणशी दिवसाला ३३ रुपये पडतात. त्यातच तीन पाळ्यांचे काळजीवाहक, सफाई आणि बाकीचा रोजचा खर्च. एका चहा-नाश्त्याच्या पैशात माणूस सांभाळायचा, मग परिचारिका कुठून आणायची? आरोग्यसेवेशी निवारा 'जोडावा' असे कागदावर आहे, पण त्या जोडणीचे पैसे कोणाच्याच खात्यात नाहीत. शिवाय हिशेब मोजला जातो तो खाटांचा. खाट भरली की काम झाले. अशा करारात धडधाकट मजूर संस्थेला परवडतो. अंथरुणात लघवी होणारा म्हातारा, खोकणारा क्षयरोगी, रात्री ओरडणारी बाई परवडत नाही. संस्थेला दोष देण्यात अर्थ नाही. जे मागितले, तेच तिने दिले.

मनोरुग्णांबाबत कायदा बराच पुढे आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बेघरांना सरकारी उपचार मोफत दिले, भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेण्याचे कर्तव्य पोलिसांवर टाकले आणि समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. उपचारानंतरची जागा मात्र बहुतांशी सेवाभावी माणसांनीच उभी केली. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था बऱ्या झालेल्या रुग्णांना त्यांच्या गावी पोचवते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिरूरहून पुढे नगरजवळ डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची माउली संस्था निराधार मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. पुरस्कारांवर आपण टाळ्या वाजवतो. त्या कामासाठी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात एक ओळ मात्र सहसा नसते.

कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतल्या दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांवर प्रयोग केला. काहींना आधी घर व सोबत मदतनीस दिला, बाकीच्यांना नेहमीच्या सेवा. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के पूर्ण वेळ घरात राहिले, दुसऱ्यातले ३१ टक्के. तिथला पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. पण आधी व्यसन सोड, आधी बरा हो, मग छप्पर देऊ, हा क्रम चुकीचा आहे, एवढे त्यातून घेता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत.

शिरूर आणि दौंडच्या नगरपरिषदा, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि साखर कारखाने मिळून एक छोटे विश्रांतीघर चालवू शकतात. वीस खाटा पुरेत, त्यात स्त्रियांची खोली वेगळी, क्षयरोग्यांची हवेशीर. जागा सरकारी रुग्णालयाच्या जवळ. निमोण्यासारख्या गावातून आलेल्या रुग्णाला 'तू कोणत्या हद्दीतला' असे तिथे विचारू नये. डॉक्टरांची चिठ्ठी हाच प्रवेश. निविदा सर्वांत कमी दरावर नको, आणि करार वर्षाचा नको, कारण वर्षाच्या करारावर अनुभवी परिचारिका टिकत नाही. पैसे देताना भरलेल्या खाटांऐवजी जखमा किती भरल्या, क्षयाचे उपचार किती जणांनी पुरे केले, किती जण घरी पोचले, हे विचारावे. आधार कार्ड आणि बँक खाते काढून देण्याचे कामही करारातच लिहावे, नाहीतर ते कोणीच करत नाही.

दिवाळीच्या सुमारास उसाच्या टोळ्या पुन्हा फडात उतरतात. थंडीही तेव्हाच सुरू होते. निविदा, करार, परिचारिकेची नेमणूक यांना तीन-चार महिने सहज लागतात. म्हणजे हा ठराव पावसाळ्यातल्या सभेतच यायला हवा.