उजनीचं पाणी आणि तासावरचे मास्तर

शनिवार आहे, हापिस नाही, आणि आज जरा भांडायचा मूड आहे. विषय ऐकून पळू नका: विद्यापीठात आणि कॉलेजात पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक भरणे. सोप्या भाषेत, घाण पाण्यात कोण राहतं आणि ते काय खातं, हे शिकवणारे आणि शोधणारे मास्तर नेमणे.

आपला काय संबंध? सांगतो. बाणेर-वाकडला आपण फ्लश ओढतो. ते पाणी काही शुद्ध होऊन, काही तसंच, मुळा-मुठेत जातं. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात येते. उजनीचं पाणी सोलापूर पितं आणि माझी बार्शीही पिते. म्हणजे मी पुण्यात जे सोडतो, ते आमच्या मातोश्री बार्शीत उकळून, गाळून पितात. चेष्टा करत नाहीये, नकाशा काढून बघा.

आता हे पाणी शुद्ध होतं म्हणजे नेमकं काय होतं? आपण इंजिनिअर लोकांना वाटतं की टाक्या, पंप आणि पॅनेल म्हणजे प्लँट. खरं काम जिवाणू करतात. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मैलापाण्यात हवा सोडून, तयार झालेला जिवाणूंचा गाळ पुन्हा पुन्हा वापरून पाणी साफ करून दाखवलं. जगभरातले कितीतरी एसटीपी आजही याच तत्त्वावर चालतात. टाकी म्हणजे सर्व्हर, त्यावरचं अ‍ॅप्लिकेशन म्हणजे जिवाणू. ते गुदमरले, किंवा कुणी गटारात केमिकल सोडून मारले, तर पंप चोवीस तास फिरूनही उपयोग शून्य. शिवाय नायट्रोजन आणि फॉस्फरस नीट काढला नाही तर तो धरणात जाऊन साठतो, आणि मग उजनी हिरवी पडल्याचे फोटो पेपरात येतात.

हे डीबग कोण करणार? सोलापूरला २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, फक्त एका जिल्ह्यासाठी. दारात उजनी, चहूकडे साखर कारखाने, त्यांच्या डिस्टिलऱ्या, त्यांचं मळीमिश्रित पाणी. या विषयाच्या माणसाला याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार? पण माणूस आधी भरायला तर हवा ना!

भरतीचं रडगाणं राज्यभर सारखंच आहे. मे २०१७ मध्ये सरकारने भरती थांबवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये अनुदानित कॉलेजांतल्या सहायक प्राध्यापकांच्या ३५८० जागांना परवानगी दिली, ती रिक्त जागांपैकी फक्त ४० टक्क्यांना. त्यातल्या १४९२ भरल्या आणि कोविड आला, पुन्हा ब्रेक. उरलेल्या २०८८ जागांना नोव्हेंबर २०२१ मध्ये परत हिरवा कंदील. आपल्याकडे एक पोझिशन तीन महिने रिकामी राहिली तर मॅनेजर एचआरच्या डोक्यावर बसतो. इथे वर्षंच्या वर्षं गेली आणि कुणाला काही वाटलं नाही.

मग वर्ग घेतं कोण? 'सीएचबी'वाले, म्हणजे घड्याळी तासिका तत्त्वावरचे मास्तर. जितके तास घेतले तितकेच पैसे. सुट्टीत शून्य. वर्ष संपलं की नेमणूक संपली, जूनमध्ये परत अर्ज. माझा एक शाळूसोबती मायक्रोमध्ये पीएचडी, सेट पास. काही वर्षं एका कॉलेजात असाच तासांवर होता. पाण्याचे नमुने आणायला एसटीचं तिकीट स्वतःच्या खिशातून. शेवटी कंटाळून एका औषध कंपनीच्या क्यूसीत गेला. लग्न ठरत नव्हतं हो, दुसरं काय! 'पगार कमी म्हणून हुशार पोरं शिकवायला येत नाहीत' असं आपण एसीत बसून म्हणतो. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० आहे. पोरं यायला तयार आहेत, खुर्चीच निघत नाही.

आणि खुर्ची निघालीच, तर पुढे कप्प्यांची गंमत. सूक्ष्मजीवशास्त्रवाला नेट देतो ती सीएसआयआरची, 'जीवशास्त्रे' या विषयात. पर्यावरणशास्त्राची नेट वेगळी, ती यूजीसीकडे. पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्र या दोघांच्या बरोब्बर मधे. मग पर्यावरण विभाग म्हणतो तुम्ही मायक्रोचे, मायक्रोवाले म्हणतात तुम्ही पर्यावरणाचे. त्यात यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतलं कोष्टक बघा. विद्यापीठातल्या जागेच्या छाननीत पदवीच्या टक्क्यांना जास्तीत जास्त १५ गुण आणि सगळ्या शोधनिबंधांना मिळून १०! विसाव्या वर्षी पाठ केलेलं जड, आणि पुढची दहा वर्षं गाळात हात घालून शोधलेलं हलकं.

परिणाम? २०१७ साली पुण्याच्या मुठेच्या गाळात शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिक्सनाही दाद न देणारी जनुकं सापडल्याचा शोधनिबंध आला. त्यात पुढाकार होता स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठाचा. त्यांचे आभारच मानायला हवेत. पण नदी आपली, घाण आपली, आणि ती मोजायला पुढाकार स्वीडनचा?

कुणी म्हणेल, पुण्यात एनआयव्ही आहे, नागपुरात नीरी आहे, गावोगावी प्राध्यापक कशाला? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याला जीबीएसची साथ आली तेव्हा एनआयव्ही धावलीच, तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूही सापडला. पण तेव्हा माणसं आधीच आयसीयूत होती. मोठी संस्था आग लागल्यावर बंब घेऊन येते. दर पंधरा दिवसांनी त्याच घाटावरून, त्याच विहिरीतून बाटली भरणं, दहा वर्षांची वही ठेवणं, हे काम स्थानिक मास्तर आणि त्याचे एमएस्सीचे विद्यार्थीच करू शकतात. मॉनिटरिंग नसलेला सर्व्हर पडल्यावरच कळतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

माझ्या मागण्या साध्या आहेत. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत जाहिरात, मंजुरीची वारी नको. जाहिरातीत विषयाचं नाव आणि प्रश्न दोन्ही लिहा: 'उजनी आणि भीमेच्या पाण्यावर काम करणारा हवा'. दोन्हीकडची नेट-सेट चालेल असं स्पष्ट छापा. मुलाखतीत उमेदवाराला एक खरा नमुना द्या आणि काय करशील ते विचारा. आपण नाही का कोडिंग राउंड घेत?

पुण्याच्या नदीकाठावर सुशोभीकरण हवं की नको यावर आपण व्हॉट्सअ‍ॅपवर तासन् तास भांडतो. त्यातला अर्धा तास या रिकाम्या खुर्च्यांसाठी काढा आणि आपल्या आमदाराला विचारा, कधी भरताय? उजनीकाठच्या लोकांनी तो प्रश्न एकट्यानेच का विचारायचा?