काकणाला काकण म्हणा

मागच्या हिवाळ्यात काही मुलांना पक्षी दाखवायला रत्नागिरीजवळ भाट्याच्या सुरूबनात नेलं होतं. खाडीच्या तोंडावर एक मोठा पांढरा-राखाडी पक्षी घिरट्या घालत होता. पुस्तिकेत बघून मी म्हणालो, "पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड." शेजारी जाळं शिवत बसलेले आजोबा मान वर न करताच म्हणाले, "काकण हाय तो." नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं त्यांनी. मुलांनी वहीत पुस्तिकेतलं नाव लिहिलं. आजोबांचं कुणीच लिहिलं नाही, मीसुद्धा नाही.

आता हे पुस्तिकेतलं नाव आलं कुठून? लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने 1781 मध्ये या पक्ष्याला 'पांढऱ्या पोटाचा' म्हटलं. 1788 मध्ये ग्मेलिनने त्याचंच लॅटिन केलं, ल्युकोगॅस्टर. दोघांपैकी कुणी कोकण पाहिलेलं नव्हतं. मेलेला पक्षी टेबलावर उताणा ठेवला की आधी पोटच दिसणार! त्या इंग्रजीचं आपण शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं आणि त्याला प्रमाण नाव म्हणू लागलो. 'काकण' मात्र मला तरी त्याच्या खणखणीत ओरडण्यातूनच आलेलं वाटतं. टिटवीचं नाव तिच्या ओरडण्यातून आलं, तसंच.

संस्कृताच्या हौसेनेही असंच केलं आहे. माडाबागेत 'कूप कूप' करत फिरणारा तांबूस पंखांचा कुंभारकावळा पुस्तकात 'भारद्वाज' झाला. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात भरद्वाज म्हणजे चंडोल. म्हणजे कुंभाराचा पक्षी काढून ऋषीला दिला, आणि तोही चुकीचा. आता त्याचं दर्शन शुभ म्हणून लोक थांबून हात जोडतात. कुंभारकावळ्याला कोण हात जोडणार?

यावर उत्तर ठरलेलं असतं : स्थानिक नावं गावागणिक बदलतात, अभ्यासाला एकच नाव लागतं. लागतं, मान्य. पण मग ते कुठून घ्यायचं? मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांकडून शब्द वेचले, पक्षिकोश केला. तो रस्ता समोर असताना आपण इंग्रजी यादी घेऊन भाषांतराला बसतो. राज्यपक्ष्याला मराठीत हरोळी म्हणतात, हेही आता सांगावं लागतं.

आणि अभ्यासाचंच म्हणाल तर ऐका. कोकणात बऱ्याच ठिकाणी 'गरुड' म्हणजे धनेश, वडा-उंबराची फळं खाणारा, मोठ्या चोचीचा. अशा गावात जाऊन "समुद्रगरुडाचं घरटं कुठे आहे?" विचारलंत, तर माणूस एकतर मान हलवेल, नाहीतर तुम्हाला डोंगरातल्या धनेशाच्या ढोलीपाशी नेईल. तुम्ही नोंद कराल, 'घरटं आढळलं नाही'. तिकडे किनाऱ्यालगतच्या ज्या उंच आंब्यावर किंवा सुरूवर काकण वर्षानुवर्षं येतो, मासे आणि समुद्रसाप आणून पिल्लांना भरवतो, ते झाड व्यापाऱ्याला विकलं जाईल. नोंदच नसेल, तर ते वाचवायला कोण जाणार?

आजोबांना मी नंतर विचारलं, घरटं कुठे. त्यांनी बोटानं सुरू दाखवला. पुस्तिकेत ते झाड नव्हतंच.

पुढची आवृत्ती छापणाऱ्यांनी वर ठळक 'काकण' छापावं. समुद्रगरुडाला कंसात टाकलं तरी चालेल.