मातीला वीकेंड नसतो

हल्ली ऑफिसच्या कँटीनमध्ये ईएमआय, अप्रेझल आणि ऑनसाइट या तीन विषयांच्या जोडीला चौथा विषय आलाय. प्लॉट! कुणाचा मुळशीत, कुणाचा मावळात, कुणाचा भोरला. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात मुळात शेतकरी असावं लागतं. त्यामुळे सातबाऱ्यावर नाव नसलेली आपली जमात एनए प्लॉटवर समाधान मानते. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट! टू बीएचकेत राहणाऱ्याला आकडा ऐकूनच राजेशाही वाटायला लागतं. डोळ्यांपुढे लॉन, झोपाळा, कोपऱ्यात आंबा... आणि पहिल्या शनिवारी जाऊन बघावं तर उतार, दगड, हराळी आणि कमरेएवढी घाणेरी.

आता हे सगळं सपाट आणि भुसभुशीत कोण करून देणार? रो-हाउसच्या मागे दोन-अडीचशे फुटांचं अंगण असलेल्यांनाही हाच प्रश्न पडतो. पुण्यातला गार्डन कन्सल्टंट आधी साइट व्हिजिटची फी सांगतो. गावात मात्र चहाच्या टपरीवर विचारलं की पाच मिनिटांत तीन नावं मिळतात. प्रश्न नावांचा नसतोच. कुणाला कशासाठी बोलवायचं, हा खरा फंडा आहे.

पर्याय तीन. पहिला ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे रोटाव्हेटर. गावात त्याला ‘रोटर मारणे’ म्हणतात. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर या कल्पनेचे प्रयोग सुरू केले. फिरणाऱ्या दांड्यावर वाकडी पाती, ती माती कापत आणि उलटवत जातात, बस्स. दुसरा पर्याय पॉवर टिलर, म्हणजे मागे चालत हँडल धरून चालवायचं यंत्र. भोर, मुळशी, मावळ हा भाताचा पट्टा, चिखलणीसाठी टिलर लागतोच, त्यामुळे तो गावात सहज सापडतो. आपल्या गुंठ्यांना हाच बरा, कारण ट्रॅक्टरला कोपऱ्यात वळायलाच जागा पुरत नाही. तिसरा जेसीबी. तो बघायला जाम मजा येते, पण गडी सात टनांच्या वरचा आहे. ज्या मातीत रोपं लावायची ती तो आधी दाबून घट्ट करतो. मोठा उतार तोडायचा असेल तरच त्याला बोलवा.

भोरच्या आमच्या पाच गुंठ्यांसाठी टपरीवरून टिलरवाले मामा मिळाले. ऑक्टोबर संपत आलेला, परतीचा पाऊस नुकताच उघडलेला. मी शनिवारी सकाळी आठला हजर. मामा आले, टिलर टेम्पोतच ठेवला, मूठभर माती उचलून दाबली. लाडू झाला. तो हातातून खाली टाकला, तर फुटला नाही.

‘‘साहेब, वाफसा नाही अजून. बुधवारी मारू.’’

‘‘मामा, बुधवारी ऑफिस असतं. आजच उरकू ना. हवं तर थोडे जास्त घ्या.’’

‘‘जास्त कशाला? पैसे तेवढेच. पण आज रोटर मारला तर ढेकळं होतील, ती वाळली की विटा. मग त्या फोडायला मला बोलावू नका.’’

मामा टेम्पो वळवून निघून गेले. हातात आलेलं काम आणि वर जास्तीचे पैसे, दोन्ही सोडून! आपल्याकडे क्लायंटने ‘आजच हवं’ म्हटल्यावर ‘आज होणार नाही’ असं सांगणारे किती जण आहेत, ते आठवून बघा.

वाफसा हा शब्द आपल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकांत हवा होता. मातीत ओल हवी, पण पाणी साचलेलं नको, हवा खेळती हवी. ओल्या मातीत पाती फिरली की ती चिकटते, लिंपल्यासारखी होते आणि तिची घडण मोडते. ती परत जमायला एखादा पावसाळा नाही, काही वर्षं लागतात. अगदी कोरडी असेल तर पाती वरच्यावर उड्या मारते आणि धूळ उडते. लाडू करायचा आणि टाकायचा, पडताच भुगा झाला तर हो. एवढी सोपी टेस्ट कुठल्याही सॉफ्टवेअरला नसेल.

बुधवारी मी सुट्टी टाकली. मेलमध्ये कारण लिहिलं, ‘माती वाळली’. मॅनेजरचा फोन आला, पण सुट्टी मिळाली.

रोटर मारण्याआधीची कामं जास्त महत्त्वाची असतात. हराळी आणि लव्हाळा मुळासकट खणून काढायचा. पाती त्यांचे तुकडे करते आणि तुकड्यातुकड्यातून नवं गवत उगवतं, म्हणजे आपण पैसे देऊन तणाची लागवड करून घेतो. दगड वेचायचे. पाण्याची पाइप, विजेची केबल, सेप्टिक टँक जिथे असेल तिथे चुन्याची खूण करायची. झाड मध्ये येत असेल तर परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मग पहिला फेर उथळ, दुसरा आडवा आणि थोडा खोल, चार ते सहा इंच. हौसेने चार-पाच फेर मारू नका. माती पिठासारखी झाली की पहिल्या पावसात तिची पपडी धरते.

सपाटीकरणात आपण शहरातले लोक ‘लेव्हल’ म्हणजे कॅरम बोर्ड समजतो. तसं अंगण केलं तर पाणी जाणार कुठे? घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांमागे दोन-अडीच इंच उतार हवाच. तो मोजायला लेसर लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक नळी, त्यात पाणी, दोन खुंट्या आणि सुतळी पुरते. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, बस्स.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरची माती. आमच्याकडे वर जेमतेम नऊ इंच माती, खाली मुरूम. उंचवटा कापून खळगा भरायचा असेल तर आधी दोन्हीकडची वरची सहा इंच माती खरवडून बाजूला रचायची. मग खालचा मुरूम इकडून तिकडे, आणि शेवटी माती परत वर. हे कामाच्या आधी सांगितलं नाही तर चांगली माती खळग्यात गाडली जाते आणि आंब्याच्या नशिबी मुरूम येतो. विकत आणून टाकू म्हणाल, तर हिशेब करा. पाच गुंठ्यांवर तीन इंचांचा थर म्हणजे जवळपास साडेतेरा ब्रास! वर तो खचतो, तो वेगळाच. मुरूम-माती गौण खनिजात मोडते, म्हणून ट्रॉली आली की रॉयल्टीची पावती मागा. भराव सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारत करा आणि लॉनची घाई करू नका. एक पावसाळा बसू दे.

आता व्यवहार. दर तासावर की गुंठ्यावर, हे आधी ठरवा. तासावर असेल तर घड्याळ कधी सुरू होणार? येण्या-जाण्याचं डिझेल कुणाचं? दगडावर पाती तुटली तर खर्च कुणाचा? आम्ही ठरवलं, वर दिसणारा दगड आम्ही वेचलेला नसेल तर आमचा, जमिनीतून निघाला तर निम्मा-निम्मा. दोन पाती गेल्या, भांडण शून्य.

दगड वेचायला चार बाया आणि दोन बाप्ये आले होते. मुकादमाने दोन दर सांगितले, बाप्यांचा जास्त, बायांचा कमी. दिवसभर मी तिथेच होतो. पाट्या सारख्याच भरत होत्या, डोक्यावरून सारख्याच जात होत्या. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा आपल्याकडे १९७६ मध्ये झालाय. संध्याकाळी सगळ्यांच्या हातात एकच दर ठेवला. मुकादम कुरकुरला, ‘‘साहेब, तुम्ही एक दिवस येता, आम्हाला रोज इथं राहायचंय.’’ त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही, पण दरही बदलला नाही. पुढच्या कामाला त्यातल्या तिघी आल्या, मुकादमाला न विचारता.

कॉर्पोरेटमध्ये आपण याला व्हेंडर मॅनेजमेंट म्हणतो. तिथे पेमेंट पंचेचाळीस दिवसांनी. इथे काम संपलं की तिथल्या तिथे, रोख किंवा फोनवरून, पण आजच. ‘पुढच्या शनिवारी देतो’ म्हणणाऱ्या प्लॉटवाल्याचं नाव टपरीवर सगळ्यांना पाठ असतं. जुलैमध्ये अख्खं गाव चिखलणीत गुंतलेलं असताना कुणाचा फोन उचलायचा, हे तिथेच ठरतं.

तर मित्रांनो, प्लॉटवर जायचा बेत असेल तर भाताची कापणी उरकल्यावरचा मुहूर्त धरा. मामा मोकळे असतात आणि जमिनीत ओलही असते. आणि जायचा वार मात्र त्यांना ठरवू द्या. कॅलेंडर आपलं असलं, तरी माती त्यांच्या ओळखीची आहे.