कूलरमधली 'व्हरायटी' आणि आठ टक्के



आधी एक खुलासा. डब्लिन म्हटलं की लोकांना गिनेस आठवते, पण हे आपलं कॅलिफोर्नियातलं डब्लिन, ५८० आणि ६८० च्या फाट्यावरचं. नाव आयरिश असलं तरी शनिवारच्या मराठी पॉटलकला कूलर उघडला की आत गिनेस नसते, आयपीए असते. धूसर आयपीए, डबल आयपीए, आंब्याची आयपीए. याला आपण 'व्हरायटी' म्हणतो. माझं स्पष्ट मत असं की ही व्हरायटी फक्त डब्यावरच्या चित्रात आहे, आणि ती आपल्याला फार महाग पडू शकते.

जरा मागे जाऊ. आपल्यापैकी बरेच जण भारतातून निघाले तेव्हा बिअरचे दोनच प्रकार माहीत होते: माइल्ड आणि स्ट्राँग. माइल्ड म्हणजे किंगफिशर आणि स्ट्राँग म्हणजे हेवर्ड्स ५०००. खप स्ट्राँगचा जास्त, आणि त्याचा चवीशी फारसा संबंध नाही. बऱ्याच राज्यांत कर काही अल्कोहोलच्या प्रमाणात वाढत नाही, मग तेवढ्याच पैशात जास्त चढणारी बाटली माणूस का सोडेल? "चढते किती?" हा एकच प्रश्न विचारला जायचा.

अमेरिकेतही एके काळी फार वेगळं चित्र नव्हतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या देशात शंभराहून कमी ब्रुअरीज उरल्या होत्या आणि बहुतेक सगळीकडे तीच फिकट लागर. मग कायदे बदलले. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर बनवायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाने जिथे बिअर बनते तिथेच ती ग्राहकाला पाजायला मुभा दिली. लगेच १९८३ मध्ये आपल्या शेजारच्या हेवर्डमध्ये (हो, हेवर्डच, पण त्या ५००० शी नातं नाही!) बिल ओवेन्स यांनी 'बफेलो बिल्स' सुरू केलं. देशातल्या अगदी पहिल्या काही ब्रूपबपैकी हे एक. भोपळ्याची बिअर त्यांनीच पुन्हा चालू केली. त्याच्या आधी, १९८० पासून, चिकोच्या सिएरा नेवाडाने आपल्या पेल एलमधून लोकांना हॉप्सच्या कडवटपणाची गोडी लावली होती. आज देशात नऊ हजारांहून जास्त ब्रुअरीज आहेत.

आणि एवढं सगळं असताना आपण पोचलो कुठे? तर आठ टक्क्यांवर! सांता रोझाची प्रसिद्ध 'प्लिनी द एल्डर' आठ टक्के. आपली जुनी हेवर्ड्स ५००० सुद्धा सात-आठ टक्क्यांचीच. तेव्हा तिला नाकं मुरडणारे आता तेवढ्याच कडक बिअरसाठी चौपट पैसे मोजतात आणि 'टेस्ट डेव्हलप झाली' म्हणतात.

आता थोडं गणित. इथे 'एक ड्रिंक' म्हणजे पाच टक्क्यांची बारा औंस बिअर. सोळा औंसांचा आठ टक्क्यांचा कॅन म्हणजे दोन ड्रिंक्सहून जास्त. म्हणजे "मी दोनच घेतल्या" म्हणणाऱ्याने चारहून जास्त घेतलेल्या असतात, आणि तोच माणूस मुलांना मागच्या सीटवर बसवून ५८० वर गाडी घालतो. कॅलिफोर्नियात मर्यादा ०.०८ टक्के आहे. त्यात एच-१बी वाल्यांनी हेही लक्षात ठेवावं: २०१५ पासून परराष्ट्र खात्याच्या धोरणानुसार दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. मग आईवडिलांना भेटायला भारतात गेलं की परत येण्यासाठी नवा व्हिसा आणि वैद्यकीय तपासणी. एका कॅनसाठी एवढा उपद्व्याप?

कुणी म्हणेल, आम्ही चवीसाठी पितो. मान्य, चांगल्या आयपीएला संत्र्याचा, आंब्याचा वास येतो तो हॉप्सचाच, आणि तो मलाही आवडतो. पण चार कॅन, चार नावं आणि चव एकच, याला विविधता कसं म्हणायचं? विविधता हवी तर हलक्या बाजूला बघा. काळीकुट्ट दिसणारी ड्राफ्ट गिनेस फक्त ४.२ टक्के, म्हणजे किंगफिशर प्रीमियमपेक्षाही हलकी. जर्मन गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. बर्लिनर वाइस आंबट आणि जेमतेम तीन-साडेतीन टक्क्यांची, कोकम सरबत आवडणाऱ्याला नक्की रुचेल. शिवाय पिल्सनर आहे, कोल्श आहे. पुण्यात तर २००९ मध्येच 'डूलाली'ने गव्हाची बिअर पाजायला सुरुवात केली (हा इंग्रजी शब्द मुळात आपल्या देवळालीवरून आला). मग पुणेकर पुढे आणि आपण मागे असं का?

दुसरी बाजूही आहे. बफेलो बिल्स २०२२ मध्ये बंद झालं. १८९६ पासूनची सॅन फ्रान्सिस्कोची अँकर २०२३ मध्ये बंद पडली. पुढच्या वर्षी ती विकली गेली. २०२४ मध्ये देशात जेवढ्या ब्रुअरीज उघडल्या त्याहून जास्त बंद झाल्या. अशा दिवसांत छोटी ब्रुअरी खपेल तेच बनवणार. आपण फक्त आठ टक्केवालीच उचलली तर बाकीचे प्रकार फळीवरून जातील, आणि पुन्हा माइल्ड-स्ट्राँगचे दिवस येतील.

म्हणून सुचवतो. पुढच्या पॉटलकला अर्धा कूलर पाच टक्क्यांच्या खालच्या बिअरचा असावा, आणि त्यात थोडी बिनअल्कोहोलची हवीच. यजमानाने डब्यावरचा आकडा वाचूनच खरेदी करावी. ब्रुअरीत गेलात तर आधी छोटे नमुने मागा, एकदम मोठा ग्लास नको. आणि जो गाडी चालवणार त्याला आग्रह नको. आग्रह श्रीखंडाचा करावा, बिअरचा नाही.

असो. पटलं तर बघा, नाही पटलं तर खुशाल भांडा.

लोभ असावा,
एक डब्लिनकर