‘स्मृतिभ्रंश’ या शब्दाच्या आड

डिमेन्शियासाठी मराठीत ‘स्मृतिभ्रंश’ हा प्रतिशब्द रूढ आहे. शब्द जुना आणि भारदस्त आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो. क्रोधापासून सुरू होणाऱ्या अधःपाताचा क्रम तिथे सांगितला आहे: आधी स्मृती ढळते, मग बुद्धी नष्ट होते. गीतेतील स्मृती म्हणजे वैद्यकातील स्मरणशक्ती नव्हे, हे खरे. तरीही अल्झायमरच्या आजाराला हा क्रम बराचसा लागू पडतो. मात्र डिमेन्शियाचा एक प्रकार असा आहे की ज्यात हा क्रमच उलटतो. विवेक तरी आधी जातो किंवा भाषा तरी, आणि स्मरणशक्ती सुरुवातीला पुष्कळशी शाबूत असते. त्याचे नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. या आजाराविषयीच्या आपल्या अज्ञानात आपल्या शब्दांचाही वाटा आहे, असे आम्हाला वाटते. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष द्यावे.

या आजारात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग झिजत जातो. तो बहुधा 45 ते 65 या वयात सुरू होतो, म्हणजे माणूस नोकरीत असतो, मुलांची शिक्षणे चालू असतात. वर्तनाशी निगडित प्रकारात सौजन्याने वागणारा गृहस्थ चारचौघांत अचकटविचकट बोलू लागतो, पैसे उधळतो, गोड पदार्थांवर तुटून पडतो, पत्नीच्या आजारपणातही निर्विकार राहतो. मात्र काल कोण आले होते हे तो अचूक सांगतो. स्मरणशक्तीच्या साध्या चाचणीत तो उत्तीर्णही होऊ शकतो. मग घरच्यांना आजाराची शंका येणार कशी?

दुसरा प्रकार आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. 1892 मध्ये प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी एका वृद्ध रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची भाषा हळूहळू नाहीशी होत गेली होती. या आजाराचा वैद्यकीय इतिहास तिथून सुरू होतो, म्हणजेच त्याच्या पहिल्या नोंदीत भाषेचा ऱ्हास होता. भाषिक प्रकाराच्या एका रूपात वाक्ये व्याकरणशुद्ध आणि ओघवती राहतात, पण शब्दांतला अर्थ निघून जातो. ‘पेरू खाणार का?’ या प्रश्नावर रुग्ण शांतपणे विचारतो, ‘पेरू म्हणजे काय?’ त्याला पेरू हा शब्द आठवत नाही असे नाही. तो शब्द ऐकून त्याच्या मनात काहीच उभे राहत नाही. शब्द आणि अर्थ यांचे नाते वर्गात शिकवणाऱ्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

आता आपल्या बोलीकडे पाहू. अशा माणसासाठी आपल्यापाशी शब्द पुष्कळ आहेत: म्हातारचळ, ताळतंत्र सुटणे, चळणे, कोडगेपणा. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर ‘स्मृतिभ्रंशा’पेक्षा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते, कारण तिने बुद्धीचे नाव घेतले आहे, स्मृतीचे नव्हे. पण ती चेष्टेसाठी वापरली जाते, आणि हा आजार साठीची वाटही पाहत नाही. एकीकडे विस्मरणापुरता मर्यादित झालेला शास्त्रीय शब्द, दुसरीकडे दोष देणारे घरगुती शब्द. या दोहोंच्या मधल्या फटीत रुग्ण हरवतो. त्याच्यावर चारित्र्यहीनतेचा शिक्का बसतो आणि पत्नीला ‘तुम्हीच सांभाळून घ्या’ असा सल्ला मिळतो.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने एका संस्कृत पंडिताचे विस्मरण मराठी प्रेक्षकांपुढे मोठ्या संयमाने मांडले. हरवलेल्या स्मृतीविषयी करुणा वाटणे तुलनेने सोपे असते. हरवलेल्या सभ्यतेविषयी ती वाटणे फार अवघड आहे, आणि तिथे साहित्याची खरी कसोटी आहे. अर्थात प्रत्येक विक्षिप्त पात्राला निदानाची चिठ्ठी चिकटवावी असे आमचे म्हणणे नाही. तसे केल्यास समीक्षाही बिघडेल आणि वैद्यकही.

कोणी म्हणेल, आजार बरा होत नाही, तर नाव कळून उपयोग काय? आजही तो थांबवणारे औषध नाही, हे खरे. पण अल्झायमरची नेहमीची औषधे इथे उपयोगी पडत नाहीत, कधी कधी वर्तन अधिकच बिघडवतात, म्हणून अचूक निदानाला महत्त्व आहे. वेळीच कळले तर घराचे आर्थिक व्यवहार सावरता येतात, नोकरीतली बेअब्रू टाळता येते. मुख्य म्हणजे ‘हे मुद्दाम करतात’ हा घरच्यांच्या मनातला सल निघू शकतो. अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने 2022 मध्ये त्यांचा वाचाघात आणि 2023 मध्ये हे निदान जाहीर केले, तेव्हा जगभर अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. एका प्रसिद्ध नटाच्या दुर्दैवाची वाट पाहावी लागावी, ही स्थिती भूषणावह नाही.

दरवर्षी 21 सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, मराठी वृत्तपत्रांत विसराळूपणावर लेख येतात. ते यावेत. त्यांच्या शेजारी आणखी एक परिच्छेद यावा: मध्यमवयीन माणसाचा स्वभाव काही महिन्यांत ओळखू न येण्याइतका बदलला, किंवा नेहमीच्या शब्दांचे अर्थ त्याला कळेनासे झाले, तर स्मरणशक्ती चांगली असली तरी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. हा परिच्छेद सोप्या मराठीत लिहिणे, आणि ‘स्मृतिभ्रंशा’हून व्यापक प्रतिशब्द शोधणे, ही कामे केवळ डॉक्टरांवर सोपवता येणार नाहीत. ती आपलीही आहेत.