थकलेले कर्ज आणि तुरुंगाची भीती



‘करारावर सही करून पैसे थकवले की तुरुंग ठरलेला’ हे आपल्या वाचकाचे विधान, वाशीमसारख्या सोयाबीनच्या भरवशावर जगणाऱ्या जिल्ह्यात तरी, सावकाराच्याच पथ्यावर पडणारे आहे. कर्ज थकणे हा मुळात दिवाणी मामला. धनको साधारण ३ वर्षांच्या मुदतीत दावा लावतो. हुकूमनामा मिळाला की जप्ती. त्यातूनही शेतीची अवजारे, लागणारे बैल आणि शेतकऱ्याचे राहते घर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने वगळले आहे (घर गहाण दिले असेल तर गोष्ट वेगळी). ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्याला दिवाणी कैद होऊ शकते. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला तीही नाही. निव्वळ गरिबीसाठी कोणाला डांबता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० मध्येच सांगितले.

चेक न वटल्यास मात्र फौजदारी खटला होतो, २ वर्षांपर्यंत कैद. सावकार कोरे चेक मागतात ते उगाच नव्हे.

उलट, विनापरवाना सावकारीलाच २०१४ च्या राज्य कायद्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा सावकाराने १५ वर्षांच्या आत कर्जापोटी लिहून घेतलेली शेती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

– एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशीम