आजीला प्रश्न कोण विचारणार?



सोलापूरकडच्या एका भगिनींचं पत्र आलंय. त्या लिहितात, "आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. तिला म्हातारपणावर संशोधन करायचंय. मावशी म्हणतात, म्हाताऱ्यांचं करायला शिकावं कशाला लागतं? मी काय सांगू?"

पत्र वाचलं आणि मला माझी आजी आठवली. दवाखान्यात तिला कुणी विचारलं, आज तारीख काय? आजी म्हणाली, "तारीख मला काय ठाऊक? आज दशमी, उद्या माझा उपास." मग म्हणाले, एक वाक्य लिहा. आजी शाळेत गेलीच नव्हती. कागदावर शेरा पडला, स्मरणशक्ती कमी. घरातल्या साऱ्या बाळंतपणांचा हिशेब जिच्या तोंडी, तिच्या कनवटीच्या किल्ल्या आम्ही त्या कागदावर विश्वासून काढून घेतल्या. ती बोच अजून जात नाही.

आणि ही एकट्या माझ्या आजीची गोष्ट नाही, बरं का. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या शंभर बायकांपैकी जेमतेम २८ साक्षर होत्या. म्हणूनच १९९० च्या दशकात हरियाणात बल्लभगढ भागातल्या खेड्यांसाठी स्मरणशक्तीची परदेशी चाचणी हिंदीत नव्यानं बसवली गेली. वाक्य लिहायच्या जागी 'तुमच्या घराविषयी काही सांगा', इंग्रजी शब्द उलटा म्हणायच्या जागी आठवड्याचे वार उलटे. केवढा साधा बदल! ज्या मुलीच्या घरी अंगठा लावणारी आजी आहे, तिला अशी गरज पुस्तकात शोधावी लागत नाही. म्हणून वस्तीतल्या, पाड्यावरच्या, खेड्यातल्या मुली या अभ्यासात यायला हव्यात.

मावशींना विचारायचं असेल, यात पुढे काय? तर मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. २०१७-१८ मध्ये तिनं देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर माणसांची पाहणी केली. घरोघर जाऊन प्रश्न विचारले, रक्तदाब घेतला, हाताच्या मुठीची ताकदसुद्धा मोजली. पदवीनंतर तिथं एम.ए., एम.एस्सी. करता येतं आणि राखीव जागाही असतात. बंगळूरचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागातल्या गावकऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास करतं. अशा कामाला डॉक्टर लागतात, तशाच संख्याशास्त्र, मानसशास्त्र, जीवशास्त्र शिकलेल्या मुलीही लागतात.

आता तुम्ही काय करायचं?

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायला मावशींबरोबर जा. शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर भरावा लागतो. तारीख हुकली तर वर्षाच्या फीचा घोर लागतो. मुलीला सांगा, कंटाळा आला तरी संख्याशास्त्र सोडू नकोस. विज्ञान अकादम्यांतर्फे उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायला मिळतं, विद्यावेतनही मिळतं. त्याचे अर्ज मात्र दिवाळीच्या सुमारासच भरायचे असतात. तेव्हा प्राध्यापकांना आत्ताच विचारून ठेवायला सांगा.

आणि हो, दुपारी घरात निवांत असतं तेव्हा तासभर तिला तुमच्याकडे अभ्यासाला बसू द्या. एका खोलीच्या घरात पुस्तक उघडायला जागा नसते. 'लग्नाचं बघा आता' हा सल्ला मात्र मावशींना तुमच्याकडून जायला नको. तो द्यायला बाकीचे आहेतच.

मावशींचा प्रश्न तसा खराच आहे. म्हाताऱ्यांचं करणं त्या न शिकताच करत आल्या. पण त्यांच्या सासूबाईंना नेमकं काय होतंय हे नीट विचारायला, मोजायला आणि डॉक्टरांना पटवून द्यायला शिकावंच लागतं. त्यांची लेक तेच करू पाहतेय.

तिचा निकाल लागला की मला जरूर कळवा.